जळकोटला जर्मन शिकायला

जळकोटला मुद्दाम जाऊन पाहावं असं काही नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याचा वेळ फुकट जायचा नाही. सोलापूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या सडकेवरचं ते एक शेतकरी गाव. देऊळ आहे, मशीद आहे, आठवड्याचा बाजार भरतो, आणि सडकेवर मोटर थांबली की चार माणसं उगाच बघायला येतात. मी तिथं गेलो ते जर्मन भाषा शिकायला. हे सोलापुरात ज्याला ज्याला सांगितलं तो हसला, आणि त्यात त्यांची काही चूक नव्हती. गावाचं नाव खरं लिहिलं आहे. माणसांची नावं बदलली आहेत, आणि ती का बदलली हे पुढं कळेल.

माझं जर्मन हा आमच्या घरी थट्टेचा विषय. पुण्यात संस्कृत शिकताना गुरुजनांनी मनावर बिंबवलं होतं की खरा अभ्यास करायचा तर जर्मन पंडितांचे ग्रंथ मुळातून वाचता आले पाहिजेत. म्हणून एक व्याकरण आणि एक कोश घेऊन बसलो. पुढे सोलापुरात मास्तरकी धरली तरी ते सोडलं नाही. सात वर्षांनी वेदांवरच्या तळटीपा वाचता येऊ लागल्या, पण कुणाकडे घोटभर पाणी मागायचं तर कसं मागावं हे ठाऊक नव्हतं. जिवंत माणसाच्या तोंडून एकही जर्मन वाक्य मी ऐकलेलं नव्हतं.

लढाई संपून दीडेक वर्ष झालं होतं. आमच्या गल्लीतला कापडवाला एका उंच सावळ्या माणसाला घेऊन माझ्याकडे आला. त्या माणसानं दारातच विचारलं, "डार्फ इश राइन?" मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो. तो 'आत येऊ का' एवढंच विचारत होता आणि मला ते कळलं नव्हतं. कापडवाला मात्र कौतुकानं आम्हा दोघांकडे बघत होता.

हा बसलिंग. जळकोटचा, लिंगायत घरातला, वडिलांची शेती आणि शेंगांचा लहानसा व्यापार. निजामाची रयत असूनही सोलापुरात येऊन पलटणीत भरती झाला, आफ्रिकेच्या वाळूत पकडला गेला, तिथून इटलीत आणि मग जर्मनीत. तिकडे एका शेतावर त्यानं कैदी म्हणून राबून दीड वर्ष काढलं. जर्मन तो घडाघडा बोलत होता आणि त्यातलं एक अक्षर त्याला लिहिता येत नव्हतं. मला लिहिता येत होतं आणि बोलता येत नव्हतं. त्याला एक पत्र लिहून हवं होतं.

"गावाकडं या, गुरुजी," तो म्हणाला. "हे घाईनं व्हायचं काम न्हाय. ज्वारी निसवलीय, राखणीला म्या एकटाच हाय. चार दिस ऱ्हावा. मला कागद लिवून द्या, म्या तुमाला बोलाया शिकिवतो."

मला हाव सुटली. नाताळची सुट्टी तोंडावर होती.

तामलवाडीचा नाका

सरळ नळदुर्गवरून गेलो असतो तर दुपारी पोचलो असतो. पण आमच्या हिनं तुळजाभवानीच्या ओटीचं सामान पिशवीत भरून दिलं होतं, तेव्हा तुळजापूरवरून जाणं आलं. कोळशाच्या गॅसवर चालणारी ती सर्व्हिस मोटर तामलवाडीजवळ निजामाच्या हद्दीत शिरली आणि करोडगिरीच्या नाक्यावर सगळ्यांना खाली उतरवलं. जकातीसाठी गाठोडी सोडून दाखवायची. माझ्या पिशवीतून ओटीचा नारळ निघाला, धोतर निघालं आणि ते व्याकरण निघालं.

नाक्यावरचे मुन्शी वयस्क, दाढी मेंदीनं रंगवलेली. त्यांनी पुस्तक उलटंसुलटं केलं. "ये कौनसी ज़बान है?"

"जर्मन."

"जर्मन तो हार गए ना, मास्टरसाब. अब पढ़ को क्या करते?"

सगळी मोटर हसली. मीही हसलो, पण मला ते झोंबलं. मुन्शींनी पुस्तक पुसून, दोन्ही हातांनी, अदबीनं परत दिलं. तुळजापूरच्या मोटर स्टँडवर पाट्या सगळ्या उर्दूत. सात वर्षं परकी भाषा गिरवलेला मी, पुढची मोटर कुठली हे विचारायला एका हमालाकडे गेलो. घरापासून अर्ध्या दिवसाच्या वाटेवरची लिपी शिकावी असं मला कधी सुचलं नव्हतं. देवीपुढं ओटी भरली, घाटात मोटर बंद पडली तेव्हा इतरांबरोबर ती ढकलली, आणि दिवस कलता कलता जळकोटला पोचलो.

जळकोट

बसलिंगचे वडील मल्लाप्पा ओसरीवरच होते. "शरणार्थ. बर्री, बर्री. या, या," म्हणून त्यांनी स्वतः माझ्या पायांवर पाणी घातलं. मी संकोचलो. आमच्याकडे पाहुण्याला तांब्या दाखवतात आणि तो आपला हात-पाय धुतो. घरात आपसात कानडी, माझ्याशी मराठी, कचेरीचा विषय निघाला की उर्दू शब्द, अशी त्या घराची भाषा दर वाक्याला कूस बदलत होती. बसलिंगनं त्यात चौथीची भर घातली होती. त्याचे बैल 'लोस' म्हटलं की चालायचे.

सकाळी घरातली सगळी माणसं गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन पूजा करत आणि ती होईतो कुणी तोंडात घास घालत नसे. बसलिंगच्या गळ्यातलं लिंग नवं होतं. जुनं कैदेत गेलं. परत आल्यावर स्वामींना बोलावून, विधी करून दुसरं बांधलं होतं. त्याची आई, तिला सगळे अव्वा म्हणत, मला भाकरी वाढताना दर वेळी त्याच्याही ताटाकडे बघून घ्यायची. तो सापडत नाही असा सरकारी कागद एकदा आला होता, तेव्हापासून तिला ती सवय लागली असं मल्लाप्पांनी सांगितलं. ज्वारीची पातळ भाकरी, शेंगांची ओली चटणी आणि येसराची आमटी. इतकं रुचकर मी बऱ्याच दिवसांत जेवलो नव्हतो.

माळ्यावर

शिकवणी शेतात, माळ्यावर चालायची. चार खांबांवर फळ्या टाकून केलेल्या त्या मचाणावर आम्ही बसायचो. बसलिंग गोफणीनं पाखरं उडवायचा आणि मधून मधून माझे उच्चार. पहिल्या दिवशी त्यानं मला 'पत्र उद्या पाठवतो' असं म्हणायला सांगितलं. मी कोशातलं क्रियापद अख्खं उचललं. 'आपशिकन', म्हणजे पाठवून देणं. म्हणालो, "इख आपशिके देन ब्रीफ मॉर्गन."

तो इतका हसला की हातातली गोफण खाली पडली.

"गुरुजी, तुमी आप लवकर सोडलं. ते शेवटापतूर धरून ठिवायचं. इश शिके देन ब्रीफ मॉर्गन आप. आदी नुसतं शिके. मग काय धाडायचं ते, मग कवा धाडायचं ते, अन् समदं झाल्यावर आप."

हा नियम मला पाठ होता. व्याकरणात त्याला विलग होणारा उपसर्ग म्हणतात आणि त्यावर मी वर्गात तासही घेतला असता. पण तोंडातून तो बाहेर पडत नव्हता. मग मी त्याला आपल्या मराठीतलं दाखवलं. नुसतं 'पाठवतो' आणि 'पाठवून देतो' यांत जो फरक, तसंच हे. 'देतो' म्हटल्यावर वस्तू हातातून गेली. त्यानं मान हलवली. त्याला असल्या फोडीची गरज नव्हती. तो ते जगून आला होता.

"तिकडं नवा हुतो तवा मला कायबी कळत न्हवतं," तो म्हणाला. "शेताची मालकीण मार्टा. तिचा नवरा रशियाच्या आघाडीवर. त्याला रोज न्हाय पर आठवड्याला दोनदा पुडकं बांधायची. मोजे, पाव, तमाखू. पुडकं बांधलं की माझ्याकडं बघून म्हणायची, इश शिके दास मॉर्गन आप. त्यातलं मला शेवटचं तेवढं वळखू यायचं. आप."

"म्हणजे?"

"आप हो. आपण. मला जल्मात कुणी आप म्हणलं न्हवतं, गुरुजी. तहसिलीत गेलं की अरे-तुरे. पलटणीत तर इचारूच नका. अन् ही गोरी बाई, म्या कैदी, पाठीवर रंगानं अक्षरं काढलेला सदरा, अन् मला आप म्हणतीया. पंधरा दिस म्या निस्ता तरंगत हुतो. म्याबी मग तिला मान द्यायचो. 'या, आप' म्हणायचो. ती हसायची. तिला वाटायचं, ह्यो म्हणतोय, व्हय, धाडून टाक."

मी पोट धरून हसलो. मग विचारलं, कळलं कधी?

"एक दिस पुडकं पोष्टात न्यायाचं म्या इसरलो. लई चिडली. शिव्या दिल्या अन् शेवटाला पुन्यांदा आप. म्हणलं, शिव्या देताना आप कोण म्हणतंय? तवा ध्येनात आलं. ते माझं न्हाय. पुडक्याचं हाय."

तो हसत नव्हता. मी माझं हसू आवरलं.

शिकवणी तशी पुढं गेली. तो म्हणाला, 'शिकन', म्हणजे पाठवणं, तेच राहतं, शेवटाला काय येतं त्यावर माणसाचं नशीब ठरतं. छावणीतून शेतावर पाठवला ते 'हिन'. लढाई संपल्यावर इंग्रजांनी मायदेशी पाठवला ते 'त्सुरुक'. आणि काम होऊन गेलं की तो शेवटी जाऊन बसलेला 'आप' परत पुढं येतो आणि मध्ये एक 'गे' घेऊन चिकटतो: आपगेशिक्ट. पाठवलं. "आप येऊन चिकटला की समजायचं, झालं. मागं फिरणं न्हाय." माझ्या सात वर्षांच्या व्याकरणानं हे मला इतकं सोपं करून दिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं बाकीचं सांगितलं. मार्टाचा नवरा गेल्याचं कळलं. पुढच्या हिवाळ्यात दोघं एक झाली. उघडकीला आलं असतं तर दोघांच्याही जिवावर बेतलं असतं. इंग्रज फौजा आल्या, कैदी सुटले, गाड्या भरून निघाले, तेव्हा तिला दिवस गेले होते. तो पत्र लिहीन म्हणून शब्द देऊन आला. वाटेत छावणीत कपडेसुद्धा बदलून घेतले. तिची म्हणून एक वस्तू त्याच्याजवळ राहिली नव्हती. होते ते हे शब्द, आणि गावाचा पत्ता तोंडपाठ.

"पोरगं हाय का पोरगी, का न्हायच, एवढं तरी कळाया पायजे," तो म्हणाला. "वैशाखात माझं लगीन लावत्यात, कळंबची पोरगी हाय. त्याच्या आदी उत्तर आलं तर अप्पाला तोंडावर सांगंन की माझं घर तिकडं हाय. उत्तरच न्हाय आलं तर कशाच्या जोरावर बोलू?"

तिसऱ्या दिवशी कळंबचे आडतदार, मुलीचे वडील, बोलणी पक्की करायला आले. गव्हाची हुग्गी, म्हणजे खीर, झाली, वर तुपाची धार. मी त्यांच्या शेजारी बसून जेवलो. ते माणूस म्हणून भले होते. मुलीला आई नाही, सासूच आई होईल, असं ते हात जोडून म्हणाले. बसलिंग वाढत होता. मला वाढताना त्यानं हळूच विचारलं, "श्मेक्ट एस?" चांगलं झालंय का? मी मान डोलावली. पंक्तीत बसून परक्या भाषेत कट केल्यासारखं वाटलं आणि, खरं सांगायचं तर, मजाही वाटली.

त्याच दुपारी पत्र लिहिलं. मी पहिल्यांदा जे लिहिलं ते ऐकून तो म्हणाला, "हे कुणाचं हाय? ती असलं बोलत न्हाय." माझं जर्मन शंभर वर्षांपूर्वीच्या पंडिताचं होतं. त्यानं माझी सगळी आभूषणं उतरवली. उरली सात-आठ वाक्यं. मी जिवंत आहे. मला लिहिता येत नाही, हे दुसऱ्यानं लिहिलं. बाळ आहे का? तू बोलावलंस तर मी येतो. नाही बोलावलंस तरी लिही. उत्तराचा पत्ता माझा, सोलापूरचा, कारण जळकोटला उत्तर वाचणार कोण? शेवटचं वाक्य त्यानं स्वतः सांगितलं, हे पत्र उद्या पाठवून देत आहे. आणि 'आप' लिहिलं की नाही ते मला दोनदा बोट ठेवून दाखवायला लावलं.

सडकेपर्यंत

निघायच्या सकाळी बसलिंग शेतावर होता. सडकेपर्यंत पोचवायला मल्लाप्पा आले. माझी पिशवी त्यांनी मला धरू दिली नाही. पिशवीत पत्र होतं.

बरंच अंतर चालून झालं. मग म्हणाले, "गुरुजी, म्या शिकल्याला न्हाय, पर येडाबी न्हाय. चार दिस तुमी दोघं कागद लिवताय. त्या बाईचा हाय न्हवं?"

मी पिशवीकडे बघितलं, म्हणजे सांगितल्यासारखंच झालं.

"ते झोपंत बोलतंय. नाव घेतंय. हिला कळत न्हाय, मला कळतंय." त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "सापडत न्हाय म्हणून कागद आला तवा हिनं एकवेळ जेवण धरलं. तीन वरसं. आता ते पुन्यांदा गेलं तर ही ऱ्हात न्हाय. म्या तुमाला कागद फाडा म्हणत न्हाय. निस्ता पेटीत टाकू नगा."

"मल्लाप्पा, मी त्याला शब्द दिलाय."

"तुमी शब्द दिला. म्या पोरगं दिलंय. तुमीच बघा."

मोटर आली. त्यांनी पिशवी माझ्या मांडीवर ठेवली आणि हात जोडले. मी हो म्हणालो नाही आणि नाहीही म्हणालो नाही. शिकलेल्या माणसाला हे छान जमतं.

पुन्हा नाका

मुद्दाम पुन्हा तुळजापूरवरूनच आलो. खिडकीतून वाऱ्यानं पत्र उडून जाईल, नाक्यावर जप्त होईल, असं काही घडावं असं मला वाटत होतं, हे आज कबूल करतो. तेच मुन्शी होते. या वेळी त्यांना पुस्तकात घडी केलेला कागद सापडला.

"ये ख़त है?"

"नाही," मी म्हणालो. "अभ्यास आहे. सराव."

खत आहे म्हणालो असतो तर त्यांनी काय केलं असतं मला माहीत नाही. बहुधा काहीच नाही. त्यांनी कागद होता तशी घडी घालून पुस्तकात त्याच पानाशी ठेवला आणि म्हणाले, "मेहनत करते आप." मला 'आप' म्हणणारे ते निदान खरंच मला म्हणत होते. लाजेनं माझी मान वर झाली नाही.

सोलापूर

पत्र मी टाकलं नाही. फाडलंही नाही. पहिल्या आठवड्यात म्हटलं, तिकीट किती लागतं त्याची चौकशी करून टाकू. दुसऱ्या आठवड्यात म्हटलं, तिकडची टपाल व्यवस्था अजून धड नाही. मग शाळेच्या परीक्षा आल्या. रोज एक सभ्य कारण सापडत होतं. अव्वांचा चेहरा आठवला की मल्लाप्पांचं खरं वाटायचं, बसलिंगचा आठवला की त्याचं. पण मी कुणाचं खरं म्हणून थांबलो नव्हतो. मला फक्त दोघांच्याही नजरेत चांगलं राहायचं होतं आणि त्याला काही न करणं सगळ्यात सोयीचं होतं.

एक दिवस जळकोटहून कार्ड आलं. बाळबोध अक्षरात, कोळशानं रेघ ओढावी तसं, एकच शब्द: "आपगेशिक्ट?"

मी त्याच दिवशी उलट कार्ड लिहिलं, आणि त्यावर तोच शब्द लिहिला. पुढं फक्त प्रश्नचिन्ह नव्हतं. उपसर्ग जागेवर, मधला 'गे' जागेवर, शेवटचा 'ट' जागेवर. सात वर्षांत जिवंत माणसाला मी पाठवलेला हा पहिला जर्मन शब्द. त्यात व्याकरणाची एकही चूक नव्हती.

त्यानंतर दर पंधरवड्याला त्याचं कार्ड यायचं. उत्तर आलं का? मी लिहायचो, नाही. तेवढं खरं होतं.

वैशाखात लग्न झालं. मला आमंत्रण होतं, मी गेलो नाही. पावसाळ्याच्या तोंडाशी तो बायकोला घेऊन सोलापुरात बाजाराला आला तेव्हा तुपाचा डबा घेऊन माझ्याकडे आला. दारात उभा राहून या वेळी त्यानं मराठीतच विचारलं, "येऊ का, गुरुजी?" मुलगी लहानखुरी, डोक्यावरचा पदर सारखा सावरणारी. दोघं माझ्या पाया पडली. मी आशीर्वाद दिला. मुलगी आत आमच्या हिच्याकडे गेली तेव्हा तो खाली बघून म्हणाला, "तिनं लिवलं न्हाय, गुरुजी. पोराचं तरी लिवायचं हुतं. ती असली असंल असं मला वाटलं न्हवतं."

व्याकरण त्याच्या मागच्या फळीवर होतं आणि घडी केलेला कागद त्यातच होता. हात लांब केला असता तर मिळाला असता. मी म्हणालो, "लढाईत माणसं बदलतात रे." तो हं म्हणाला. मग मी आत हाक मारून सांगितलं की पोरगी पहिल्यांदा घरी आलीय, तिला खण-नारळ द्यायचा राहू देऊ नकोस.